वेंडेल टोफ्टची डावी बाजू

वेंडेल टोफ्टने टेबलावर मिठाची बाटली, मिरपुडीची बाटली, केचप, मोहरीची चटणी आणि अस्वलाच्या आकाराची मधाची बाटली अशी ओळ लावली, तेव्हाच त्याची बायको आर्डिस समजून चुकली की आज जेवण निवणार.

"हा ड्यूई," वेंडेल अस्वलाच्या टाळक्यात टिचकी मारत म्हणाला. "डाव्या टोकाला. अंगापिंडाने दांडगा आहे, पण समोरून कुणी आला की हा आधी एक पाऊल मागे. भिंतच मागे सरकायला लागली तर घर उभं कसं राहायचं, तूच सांग!"

"वेंडेल, मला मीठ दे."

"मीठ मधोमध आहे. मधला काढला तर उरलं काय?"

"अळणी बटाटा," आर्डिस म्हणाली आणि तिने मीठ उचललं.

एल्म फोर्क या अमेरिकन गावात बाकीचे लोक तिथला हाताने खेळायचा फुटबॉल बघायचे तो चेंडू फेकणाऱ्याचा आणि घेऊन पळणाऱ्याचा. वेंडेल बघायचा तो पुढच्या ओळीतल्या पाच पोरांचा. या पाचांच्या हाती जन्मात चेंडू लागत नाही. मागच्या पोराला कुणी लोळवू नये म्हणून समोरच्यांना अंगावर घ्यायचं, एवढंच त्यांचं काम. वेंडेल शाळेत असताना याच ओळीत उभा असायचा. पुढे लोखंडी सामानाचं दुकान टाकलं, केस गेले, गुडघे गेले, पण ओळ काही डोक्यातून गेली नाही. गिऱ्हाईक खिळे मागायला आलं तरी तो आधी त्याच्या मुलाची उंची विचारायचा.

यंदा काळजीला कारणही होतं. शाळेच्या संघात जेमतेम एकोणीस पोरं, त्यातल्या एकाचा पाय प्लास्टरमध्ये. ड्यूई तर सामन्याच्या मध्यंतरात चिखलाच्या कपड्यांनिशीच शाळेच्या बँडमध्ये उभा राहून मोठा भोंगा वाजवायचा, कारण बँडलाही माणसं कमी होती. संपूर्ण मोसमात संघाने एकही सामना जिंकला नव्हता. आता शुक्रवारचा शेवटचा सामना राहिला होता, तोही शेजारच्या रॉसबीशी, आणि सोमवारी शाळेच्या बोर्डाची बैठक होती. शुक्रवारीही हरलो तर एल्म फोर्कचा संघ मोडून रॉसबीच्या संघात मिसळायचा, असं बोर्डाचं जवळजवळ ठरलंच होतं. म्हणजे मैदान त्यांचं, रंग त्यांचा, आणि शुक्रवारच्या संध्याकाळी एल्म फोर्कच्या मैदानावर नुसतं गवत. या विचाराने वेंडेलला जेवण गोड लागत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तो जेवूही देत नव्हता.

अशात गुरुवारी सकाळी गावातल्या मंडळींच्या कॉफीच्या टेबलावर बातमी आली, की जुन्या हाल्व्हरसनच्या शेतघरात नवं बिऱ्हाड येतंय, आणि तिथे कोठाराच्या दरवाजाएवढी तीन पोरं सामान उतरवताना दिसली.

वेंडेल कॉफी तशीच टाकून घरी आला. "आर्डिस, हॉटडिश कर! नवे शेजारी आलेत."

नवं कुणी आलं की हॉटडिश न्यायची, ही तिथली रीतच. तळाला खिमा, मध्ये सूपाचा रस्सा, वर बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्यांचा थर. आर्डिसने भांड्याच्या बुडाला नेहमीसारखी 'टोफ्ट' लिहिलेली चिकटपट्टी लावली आणि बजावलं, "द्यायचं, नमस्कार-चमत्कार करायचा आणि घरी यायचं. त्यांच्या टेबलावर ओळ लावायची नाही."

"मी काय वेडा आहे?" वेंडेल म्हणाला.

शेतघराच्या अंगणात ती तीन पोरं एक अख्खा पियानो उशी उचलावी तसा उचलून नेत होती. वेंडेलच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्याने नाव विचारायच्या आधी वजन विचारलं.

"एकशे पंचवीस किलो, सर," सगळ्यात थोराड होता तो म्हणाला. "मी गुन्नर. पण सर, आम्ही इथले—"

"आता इथलेच! आधी खा, मग बोल."

घरातली बाई पडद्याच्या दांड्या आणायला गेली होती. पोरं सकाळपासून उपाशी. त्यांनी हॉटडिशवर जी चाल केली ती बघून वेंडेलचा जीव निवला. खोक्यावर बसून त्याने पेल्यांची ओळ लावली आणि बोलायला सुरुवात केली. बांध फुटल्यावर पाणी कुणाचं ऐकतं?

"आपल्या संघाचं दुखणं म्हणजे डावी बाजू. ड्यूई! पोरगं सोन्यासारखं, पण बिचकतं. त्यात त्याचा हात चहाडी करतो. सुरुवातीला वाकून बोटं जमिनीवर टेकतात ना, तेव्हा बघा. बोटं पांढरी पडली की तो पुढे घुसणार, म्हणजे चेंडू घेऊन पळायचा बेत. बोटं नुसती टेकलेली असली की तो मागे सरणार, म्हणजे चेंडू फेकायचा बेत. समोरच्याने एवढं ओळखलं तर संपलो आपण."

तिन्ही पोरं खायची थांबली. "सर," गुन्नर कळवळून म्हणाला, "हे तुम्ही आम्हाला सांगायला नको होतं. आम्ही—"

"लाजायचं नाही! सांगणार नाही तर सुधारणार कसं? आणखी घे. उद्या हरलो तर सोमवारी संघच राहत नाही बघ."

गुन्नरने मान खाली घातली आणि आणखी वाढून घेतलं.

शुक्रवारी संध्याकाळी वेंडेल मैदानाच्या काठावर साखळी घेऊन उभा राहिला. चेंडू दहा यार्ड पुढे सरकला की नाही हे मोजायची ही साखळी. तिचं काठीला बांधलेलं एक टोक गेली वीस-बावीस वर्षं वेंडेलच्या हातात होतं. दुसरं टोक औषधांच्या दुकानातल्या लाइलच्या हातात. मान मोठा, पण अट कडक: साखळीवाल्याने ओरडायचं नाही, टाळी वाजवायची नाही, कुठल्याही संघाला काही सांगायचं नाही. शिवाय साखळी असते ती पाहुण्यांच्या बाजूला.

पाहुणे धावत मैदानात आले. लाल कपडे, लाल शिरस्त्राणं. त्यातली तीन शिरस्त्राणं वेंडेलपाशी येऊन थांबली.

"मिस्टर टोफ्ट! हॉटडिश काय झकास होती हो!"

वेंडेलच्या हातातली काठी खाली पडली. ती लाइलच्या पायावर पडली, पण लाइलचं लक्ष पायाकडे नव्हतं.

"वेंडेल," लाइल म्हणाला, "तू रॉसबीच्या पोरांना जेवू घातलंस?"

"मला काय माहीत ते रॉसबीचे! सामान हलवत होते!"

"अरे, सामान हलवायला सगळे पुढच्या ओळीतल्याच पोरांना बोलावतात! तुझा तो फ्रीज कुणी हलवला होता?"

ओळीतल्याच पोरांनी हलवला होता. या भागात बिऱ्हाड हलवायचं म्हटलं की लोक टेम्पोच्या आधी फुटबॉलच्या कोचला फोन करतात. ही गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आणि वेंडेलला तर सगळ्यांहून जास्त. पण माणसाला हवं तेच दिसायला लागलं की असं होतं.

सामना सुरू झाला. एल्म फोर्कचं पोरगं चेंडू घेऊन पळालं की लाल ढीग त्याच्या अंगावर. चेंडू फेकायला गेलं की लाल ढीग त्याच्या आधी तिथे हजर. प्रत्येक वेळी ड्यूई एक पाऊल मागे, आणि प्रत्येक वेळी समोरच्या गुन्नरची नजर खाली, ड्यूईच्या हाताकडे. वेंडेलला घाम फुटला. त्याने लांबून आर्डिसला खुणा केल्या: बोटं दाखवली, ती जमिनीला टेकवली, मग कोचकडे हात केला. आर्डिसने बराच वेळ बघितलं आणि पर्समधून कंबरदुखीचं मलम काढून हलवलं.

पंच शिट्टी हातात धरून त्याच्याकडे आला. "साखळीवाले, नाचायचं असेल तर बँडमध्ये जा."

मध्यंतराला रॉसबीचे तेरा आणि एल्म फोर्कचं शून्य. साखळी लाइलच्या गळ्यात टाकून वेंडेल तडक कोच ब्राटनच्या खोलीत घुसला.

"कोच, मी गद्दार आहे."

कोचने डोळे मिटून सगळं ऐकलं. "वेंडेल, मोसमभर तू मला ड्यूईबद्दल सांगतोयस. मी ऐकलं नाही. ज्यांनी ऐकू नये त्यांनी मात्र जेवताना ऐकलं."

"घरी जाऊ का?"

"थांब. ते त्याची बोटं बघतायत ना? मग बघू देत. ड्यूईला सांग, बेत काहीही असो, दर वेळी बोटं पांढरी. सगळा भार पुढे. होऊ दे त्यांची फसगत!"

"ड्यूई कुठाय?"

"कुठे असणार? भोंगा वाजवतोय!"

त्या मध्यंतरात एल्म फोर्कने जे बघितलं ते गाव अजून विसरलेलं नाही. बँड चौकोन करून चालला होता आणि भोंग्याशेजारून साठीतला एक टकला माणूस लंगडत पळत होता, भोंग्याच्या तोंडात तोंड घालून ओरडत होता, "बोटं पांढरी! दर वेळी! मागे यायचंच नाही!" बँड डावीकडे वळला, वेंडेल सरळ गेला, ढोलाला धडकला, परत आला. ड्यूईने वाजवता वाजवताच मान डोलावली. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आर्डिसने पर्समधून मलम पुन्हा काढलं.

उत्तरार्धात ड्यूई वाकला तो असा, की बोटं जणू जमिनीत पेरायची आहेत. चेंडू हलला आणि तो पुढे घुसला. एकशे पंचवीस किलोचा गुन्नर दोन पावलं मागे गेला. पुढच्या वेळी तीन. फेकायचा बेत असो की पळायचा, ड्यूई आपला पुढेच. मागच्या पोराला मोसमात पहिल्यांदाच श्वास घ्यायला सवड मिळाली आणि दिसायला लागलं की त्याला फेकताही येतं. शिट्टी वाजली तेव्हा चौदा-तेरा. अटीप्रमाणे वेंडेलने टाळी वाजवली नाही, ओरडला नाही. काठीला मिठी मारून नुसता रडला.

सोमवारी बोर्डाने संघ मिसळायचा विषय वर्षभर पुढे ढकलला. गावात वेंडेलचा उदोउदो झाला. पण त्याच्या मनात सल होताच: आधी फितुरी केली, मग फसवणूक केली, आणि तीही जेवू घातलेल्या पोरांची.

मंगळवारी जेवायच्या वेळेला दार वाजलं. दारात गुन्नर, हातात 'टोफ्ट' लिहिलेलं घासलेलं भांडं, आणि भांड्यात चॉकलेटच्या वड्या.

"आजीने पाठवल्यात. शेतघरात तीच राहायला आलीय. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं म्हणाली."

"पोरा," वेंडेल म्हणाला, "मी तुला एक कबूल करतो. उत्तरार्धात आम्ही तुम्हाला फसवलं. तुम्ही ड्यूईची बोटं बघत होता म्हणून—"

"कुठे बघत होतो?" गुन्नर चकित झाला. "ते आम्ही आमच्या कोचलाही सांगितलं नाही. आजी म्हणाली, दुसऱ्याच्या अन्नावर बसून ऐकलेलं मैदानात काढायचं नाही."

"मग तू सारखा खाली का बघत होतास?"

"तुम्ही काठावरून असे बघत होता, मला मान वर करायची लाज वाटत होती."

वेंडेल मटकन खुर्चीत बसला. म्हणजे फसलं कुणीच नव्हतं. पूर्वार्धात संघ आपला आपणच हरत होता, आणि उत्तरार्धात ड्यूई फक्त मागे यायचा थांबला होता.

"म्हणजे तुम्ही मुद्दाम हरला नाहीत?"

"छे! चांगलेच हरलो. अजून खांदा दुखतोय." गुन्नर दारातच घुटमळला. "पण सर, तुमचा संघ राहिला ते बरं झालं. तुम्ही आमच्यात आलात तर शुक्रवारी आम्ही खेळायचं कुणाशी? आणि आमचीही पोरं कमीच होतायत. पुढच्या वर्षी आमची उजवी बाजू..."

वेंडेलने इकडेतिकडे बघितलं. मग खुर्ची पुढे ओढली, भांड्यातल्या पाच वड्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या आणि हळूच म्हणाला, "बस. उजव्या टोकाला कोण आहे?"

आर्डिसने मधली वडी उचलली आणि तोंडात टाकली.

"अगं, मधलाच काढलास! आता उरलं काय?"

"दोन संघ," आर्डिस म्हणाली, आणि गुन्नरला ताट वाढायला उठली.