चार म्हणजे ताबडतोब निघा

मोबाइलवर बोलायचं नाही, फक्त त्याच्या घंट्या मोजायच्या, असं इनायत सरांनी ठरवलं आणि तिथंच सगळं बिघडलं.

निर्णय तसा लहानसाच होता. दोन हजार पाचचा हिवाळा. अहेरीत टॉवर उभा राहून जेमतेम चार महिने झाले होते. जावई जाहिद धानोऱ्याहून एक निळसर फोन घेऊन आला आणि सासऱ्यांच्या हातात देत म्हणाला, "अब्बा, आता रूहीची फिकर नाई. बटन दाबा न् बोला." सरांनी तो फोन तळहातावर असा धरला, की जणू कोणीतरी विंचू ठेवून 'जरा सांभाळा, आलोच' म्हणून निघून गेलं आहे.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, आणि सांगताना वाईट वाटतं. इनायत सर पदार्थविज्ञानाचे डॉक्टर होते. सत्तावीस वर्षं त्यांनी कॉलेजात बिनतारी लहरी शिकवल्या. लहर कशी निघते, कशी पसरते, कशावर आपटून परत फिरते, हे ते न बघता फळ्यावर काढत. लहरी फळ्यावर होत्या तोवर ठीक होतं. खरीखुरी लहर घरात शिरून वाजायला लागली, तेव्हा मात्र आपण मुलांना जे शिकवलं ते बरोबर होतं की नाही, अशी शंका त्यांना पहिल्यांदाच आली. (आता विचारणार कोणाला? निवृत्ती होऊन सहा वर्षं झाली होती.)

फोनमधून निघणाऱ्या किरणांबद्दल वर्तमानपत्रात काहीबाही छापून येत होतं. म्हणून पहिल्या आठवड्यात सरांनी फोन स्टीलच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावलं. आठ दिवस एकही फोन आला नाही. "नेटवर्क नाही," सर म्हणत राहिले. नवव्या दिवशी जमीलाबींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, शेवयांसाठी डबे धुंडाळताना तो डबा उघडला आणि फोन हातातच वाजला. धातूच्या बंद डब्यात बिनतारी लहर शिरत नाही, हे सर दरवर्षी सप्टेंबरात शिकवायचे. परीक्षेला यायचंच. जमीलाबी सातवी पास. त्यांनी झाकण तेवढं बाजूला ठेवलं.

पण सरांची खरी भीती फोनची नव्हती, रूहीची होती. पहिल्या खेपेला, नाहीद झाली तेव्हा, रूही माहेरी होती. ऐन वेळी रक्त मिळेना. सर दवाखान्याच्या बाकावर अकरा तास बसले होते. रूही वाचली, पण बाक सरांच्या आतून उठला नाही. आता दुसरं बाळंतपण सासरी, धानोऱ्याला. नववा महिना लागलेला, आणि मध्ये दीडशे किलोमीटर साग, बांबू आणि एसटी.

बोलून पाहिलं नाही असं नाही. एकदा जाहिदचा फोन आला. "अब्बा, रूहीले दवाखान्यात..." आणि लाइन गेली. पुढचे शब्द यायला दोन तास लागले. ते होते, "...नेऊन आणलं, सगळं बढिया हाय." त्या दोन तासांत सरांनी अर्धा किलो वजन गमावलं असेल. वाक्य मध्येच तुटतं, पण आकडा तुटत नाही, असा विचार त्यांच्या सुशिक्षित डोक्यात आला, आणि त्यांनी रेघा मारून तक्ता तयार केला. एक मिसकॉल म्हणजे सर्व ठीक. दोन म्हणजे दवाखान्यात नेले. तीन म्हणजे काम झाले, सुखरूप. चार म्हणजे ताबडतोब निघा. रोज सकाळी दहाला धानोऱ्यानं एक द्यायचा, अहेरीनं उलट एक द्यायचा. खाली टीप होती: 'दहा प्रयत्नांनंतरही उत्तर न आल्यास संकट आहे असे समजून निघावे.' सही, तारीख. एक प्रत धानोऱ्याला, एक खिशात, एक भिंतीवर.

शेजारच्या सुगंधाबाई तो तक्ता पाहून म्हणाल्या, "मस्त डोकं लावलं जी सरांनी!" सर दोन दिवस खूश होते.

आणि मग तो शनिवार उजाडला. अंगणात फक्त पेरूच्या झाडाखाली नेटवर्क यायचं, म्हणून फोन पिशवीत घालून फांदीला टांगलेला असे. सर तोंडात दंतमंजन घेऊन उभे होते. फोन वाजला. थांबला. वाजला. थांबला. सर बोटं मोजू लागले. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. चौथ्यांदा वाजला तेव्हा मंजन गिळलं गेलं.

"जमीला! चार वाजले!"

"कायचे चार? सात वाजून राह्यले. घड्याळ पाहा."

"मिसकॉल! चार मिसकॉल! ताबडतोब निघा!"

जमीलाबींच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. पण त्यांचं डोकं चालू होतं. "थांबा जी. दोन आले नाई, तीन आले नाई, एकदम चार कसे येतीन? आधी दवाखान्यात तं नेतीन ना?"

"न्यायलासुद्धा वेळ मिळाला नसेल!" सर म्हणाले, आणि आपणच बोललेलं वाक्य ऐकून ओट्यावर बसले.

"तुमी लावून विचारा ना मंग!"

सरांनी दोन्ही अंगठ्यांनी नंबर लावला. पलीकडून एक बाई अतिशय गोड आवाजात म्हणाली, की आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे.

"बाई, जरा बघता का? मुलीचा प्रश्न आहे," सर म्हणाले.

"अजी, मशीन हाय ते!"

"मशीन असली म्हणून काय झालं? इतक्या थंडपणानं सांगायचं?"

धानोऱ्याचा तारेचा फोन दिवाळीपासून मुका होता. जमीलाबींचे गुडघे एसटीला तयार नव्हते. सरांनी पिशवीत टॉवेल कोंबला, बॅटरी कोंबली, आणि कपाटातून एक घडी घातलेला कागद काढला. रूहीच्या गटाचं रक्त असलेली सात माणसं त्यांनी दोन महिने हिंडून शोधली होती. त्यांची ती यादी होती. फांदीवरचा फोन काढून खिशात घातला. जमीलाबी काहीतरी सांगत फाटकापर्यंत आल्या, पण साडेआठची गाडी तोवर समोरच्या स्टँडवरून हलू लागली होती.

आलापल्ली सोडली आणि फोनवरच्या सगळ्या दांड्या एकेक करून मावळल्या. सरांनी हात खिडकीबाहेर काढून फोन आकाशाकडे धरला. शेजारी आष्टीकडचे वारलू नावाचे एक शेतकरी मांडीवर कोंबडी घेऊन बसले होते. ते बराच वेळ बघत होते.

"सर, त्याले हवा खाऊ घालून राह्यले का?"

"नेटवर्क शोधतो आहे."

"मंग आत घ्या जी. बांबू लागून हात जाईन. नेटवर्क उद्या बी येईन."

पुढे नाका आला. गाडी थांबली, जवान चढले, पिशव्या तपासू लागले. या रस्त्यावर हे रोजचंच. पण सरांच्या कपाळावर भर डिसेंबरात घाम होता, आणि घामेजलेला माणूस कोणत्याही नाक्यावर आधी खाली उतरवतात. खिशातून फोन निघाला. मग तक्ता निघाला. जवानानं तो मोठ्यानं वाचला.

"'तीन, काम झाले, सुखरूप.' कोणतं काम?"

"माझ्या मुलीचं..."

"'चार, ताबडतोब निघा.' कोणी निघायचं?"

"मी. म्हणजे निघालोच आहे."

मग यादी निघाली. "हे सात लोकं कोण?"

खरं तेच बोलावं, एवढंच सरांना सुचलं. "रक्त द्यायला तयार असलेली माणसं आहेत."

एसटीतले सगळे लोक एकदम पलीकडच्या खिडकीबाहेर बघू लागले. वारलूंनी कोंबडी दुसऱ्या बाजूला घेतली.

सर तिथंच संपले असते. पण खुर्चीवर बसलेले फौजदार उठून जवळ आले. "सर? तुमी? मी अजय. बी.एस्सी.ले तुमच्याच पेपरात दोनदा नापास झालो होतो!"

सरांना तो अजिबात आठवला नाही. "हुशार होतास," ते म्हणाले. आयुष्यात एवढं धडधडीत खोटं ते पहिल्यांदाच बोलले असतील. पण बेतानं मिळालेल्या गुणांचा राग अजयनं धरला नव्हता. त्यानं यादी नीट घडी करून परत दिली आणि हळूच म्हणाला, "तुमची पोरगी ठीक राहीन, सर. आन् आठवं नाव मायं लिहा. आपला बी तोच ग्रुप हाय."

सरांनी नाव लिहिलं. अक्षर त्यांना स्वतःलाच ओळखू येईना.

या सगळ्यात पाऊण तास गेला. चामोर्शीच्या पुढे समोरून एक जीप धूळ उडवत आली आणि एसटीला घासून गेली. "अशा बेफाम लोकांमुळंच अपघात होतात," सर वारलूंच्या रिकाम्या जागेला म्हणाले. (वारलू आष्टीलाच उतरले होते. उतरताना त्यांनी सरांच्या डोक्यावरून हात फिरवल्यासारखं केलं होतं.) गडचिरोलीला गाडी बदलली. धानोऱ्याच्या रस्त्यावर सरांनी मनातल्या मनात तो अकरा तासांचा बाक पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून काढला. या खेपेला शेवट निराळा होता, आणि तो त्यांनी चार-पाच वेळा पाहिला.

साडेतीनला ते जाहिदच्या दारात उभे होते. दाराला कुलूप होतं.

ते पायरीवर बसले. समोरच्या घरातून बायनाबाई धावत आल्या, मागोमाग त्यांची सून पुनम.

"अगा माय, सर! तुमी इथी काऊन?"

"रूही... कुठं नेलं तिला?"

"अहेरीले!"

"अहेरीला? तिथं कशाला?"

"तुमाले काहीतरी झालं म्हणून!"

पाणी पाजून बायनाबाईंनी सगळं सांगितलं. जाहिद पहाटे आपल्या जीपमधून मुरूमगावची सवारी घेऊन गेला होता, तिकडं नेटवर्क नसतं. दहाच्या आत परतला आणि रोजच्यासारखा मिसकॉल दिला. उत्तर नाही. पुन्हा दिला. नाही. दहा वेळा दिला. मग रूहीनं भिंतीवरचा तक्ता वाचला.

"पोरगी रडाले लागली जी. म्हणे, अब्बांनी लिहून ठेवलं हाय, उत्तर नाई आलं तं संकट समजा न् निघा. अब्बा लिहिल्याबिगर एक सुई हलवत नाईत. जाहिद म्हणे, मी एकटा जातो. रूही म्हणे, मी जीपीत बसते नाई तं पैदल निघते. नाहीदले घेतलं न् गेले. नवव्या महिन्यात, जीपीत!"

धूळ उडवत गेलेली जीप सरांच्या डोळ्यांपुढून आणखी एकदा गेली.

"पण चार मिसकॉल आले होते," ते पुटपुटले. "आपल्याच जाहिदचे. सकाळी सातला."

पुनमनं हात पुढे केला. "दाखवा बरं." तिनं दोन बटनं दाबली. "हे तं जाहिदभाऊचा नंबर नाई होय, सर. हे तं तारेच्या फोनचा नंबर हाय, कोड आलापल्लीकडचा, बूथ असन कोणतातरी."

"तुला कसं कळलं?"

"इथी लिहून हाय ना. कोणाचा फोन आला ते नंबर दिसते."

"दिसतो?"

"दिसते ना." पुनमनं सरांकडे पाहिलं. "मंग तुमी आतापरेंत काय नुसत्या घंट्याच मोजत होते का?"

बायनाबाईंनी सुनेला कोपरानं ढोसलं. पण सून पदर तोंडाशी धरून घरात पळाली आणि आतून बराच वेळ भांडी पडल्यासारखा आवाज येत राहिला.

परतीची गाडी दुसऱ्या दिवशीच होती, आणि धानोऱ्याचा टॉवर दुपारपासून बंद पडल्यानं फोनवर एकही दांडी नव्हती. सरांनी बायनाबाईंच्या पडवीत जे तास काढले त्यांचं वर्णन न केलेलं बरं. रूहीला जर काही झालं, तर ते या हातांनी, रेघा मारून, तारीख घालून झालेलं असणार होतं. मध्ये एकही अनोळखी माणूस दोष द्यायला नव्हता. त्यांनी खिशातला तक्ता काढून फाडला. मग तुकडे जुळवून एकदा वाचला. तर्कात चूक सापडली नाही. त्यामुळं जास्तच भीती वाटली.

सकाळी दहाला गडचिरोलीची एसटी आली; परतीची गाडी तीच. ड्रायव्हर गुणवंतराव खाली उतरले आणि "इनायत सर कोण जी?" म्हणून विचारत बायनाबाईंच्या दारात आले. त्यांच्या हातात जमीलाबींची चिठ्ठी होती. हाताहातांतून, पहाटेपासून तीन गाड्या बदलून ती आली होती.

'रूहीला काल संध्याकाळी इथल्या दवाखान्यात मुलगी झाली. दोघी ठीक आहेत.'

ही ओळ सरांनी इतक्यांदा वाचली, की गुणवंतरावांनी शेवटी गाडीत जाऊन दोनदा हॉर्न दिला. मग पुढचं वाचलं.

'रक्त लागलं नाही. आष्टीनंतर कळा सुरू झाल्या, जाहिदनं जीप सावकाश आणली. सकाळचे चार मिसकॉल सुगंधाबाईच्या भावाचे, हरिदासचे होते. आपला नंबर मीच तिला दिला, अख्ख्या मोहल्ल्याला दिला. तक्तासुद्धा उतरवून दिला. तिनं आपल्या सोयीनं बदलून घेतला. तिच्या तक्त्यात चार म्हणजे चार माणसं जेवायला येत आहेत. फाटकात हेच सांगत होते, तुम्ही ऐकलं नाही. चौघं जेवून गेले. घर भरलं आहे, तुम्ही दोन दिवसांनी आलात तरी चालेल. पण फोन आजच्याच गाडीनं पाठवा. कालपासून लोक दारात येऊन बसले आहेत, कोणाचा निरोप कोणाला कळत नाही.'

सरांनी डोळे पुसले. फोन टॉवेलात नीट गुंडाळला आणि दोन्ही हातांनी गुणवंतरावांना दिला.

"मलाही यायचं आहे," ते म्हणाले. "नात झाली आहे. जागा आहे का?"

गुणवंतरावांनी फोन आपल्या सीटमागच्या कप्प्यात अलगद ठेवला, वरून आपला मफलर घातला आणि मागं वळून गच्च भरलेल्या गाडीकडे पाहिलं.

"फोनले हाय, सर," ते म्हणाले. "तुमाले उभं राहा लागन."