करदोड्याला बांधलेला पेनड्राइव्ह

शालिग्रामकाकांच्या करदोड्याला दोन वस्तू असतात, कपाटाची किल्ली आणि एक पेनड्राइव्ह. करदोडा सोडायचा नाही, हा नियम. त्यामुळे नांदुऱ्यात कुणाच्याही घरी कॉम्प्युटर दिसला की काका सदरा वर करतात, सीपीयूशेजारी फतकल मारतात आणि पेनड्राइव्हसकट स्वतःलाच जोडून घेतात.

"फुकटची नवी ऑपरेटिंग सिस्टिम हाय, मास्तर. पेनड्राइव्हवरूनच चालते. चालवून पाहा. नाही आवडली तं पेनड्राइव्ह काढा, तुमची जुनी जशीच्या तशी. बसवाची नाही!"

हे शेवटचं ते खेकसूनच सांगतात. तसं काका साध्या आवाजात बोलत कधीच नाहीत.

"बीटी कपाशीच्या वक्ती म्या बोंबलून सांगतलं, एक ओळ लावून पाहा बे आधी! नाही! साऱ्या गावानं अख्खं वावर भरलं. थैलीसोबत साध्या सरकीची पुडी येत जाय, कडेनं लावाले, अळी बीटीले सरावू नये म्हून. थे धुऱ्यावर फेकली. आता काढा म्हना बोंडातली अळी!"

यात खोटं काय आहे? आमच्या वावरातही बोंडं फोडली की आत गुलाबी अळी निघायची, आणि बियाणं विकणारे तोंड दाखवत नव्हते. माझंही डोकं फिरलं होतं. पण तो राग माझ्या कॉम्प्युटरवर का?

परीक्षेच्या तोंडावर काका आले, जोडून घेऊन बसले. मी भिडेखातर त्यांच्या नव्या सिस्टिमवर सहावीची भूगोलाची प्रश्नपत्रिका टाइप केली. शेवटचा प्रश्न संपत आला आणि बायकोनं चहा आणला. काका कप घ्यायला उठले. पेनड्राइव्ह त्यांच्याबरोबर उठला. पडदा काळा, प्रश्नपत्रिका गायब!

"चाय मस्त झाला," काका म्हणाले.

माझा तोल गेला. "चला तुमच्या घरी! तुमच्याच कॉम्प्युटरवर ही सिस्टिम कायमची बसवतो, म्हणजे हा पेनड्राइव्ह कमरेला बांधून फिरायला नको. ही कटकट एकदाची संपू दे!"

जुनी सिस्टिम बिघडल्यामुळे त्यांचा कॉम्प्युटर पेनड्राइव्हशिवाय चालूच होत नव्हता. दुरुस्तीवाल्यानं 'फॉरमॅट मारा लागते' म्हटलं, तर काकांनी त्याला शिव्या घालून हाकललं होतं. काका नाही नाही म्हणत होते, पण मी ऐकतो कशाला? त्यांना जोडायला लावलं आणि 'बसवा' दाबलं. सूचना आली: डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. मी 'पुढे' दाबणार, तेवढ्यात काकांनी माझं मनगट धरलं. आता आरडाओरडा होणार, म्हणून मीही कंबर कसली.

आवाज चढलाच नाही. "थांबा, मास्तर," म्हणत त्यांनी डिस्कवरचं एक फोल्डर उघडलं. आत रांगोळ्या होत्या. माउसनं काढलेल्या, वाकड्यातिकड्या, भडक रंगांच्या.

"तुमच्या काकूच्या हायेत. गुडघे गेल्यावर आंगनात बसता येये ना. मंग इथं खुर्चीवर बसून काढे. रोज एक." काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. "म्या लय हासलो तिले. आता रोज सकाळी उघडून पाह्यतो."

मी म्हटलं, "काका, आधी कॉपी करून घेऊ. मग बसवू."

"कॉपी करा ना," काका हळूच म्हणाले. "पन ह्या राहू द्या, मास्तर. ह्या तिनं इथं काढल्या."