गजाची डबल बेल

सन दोन हजार तीन. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि आमच्या शेजारच्या गजाच्या घरात एसटीची दोरी होती.

दोरी म्हणजे खरीच. बसमध्ये कंडक्टर ओढतो आणि पुढं ड्रायव्हरच्या डोक्याशी घंटा वाजते, ती. गजा मयेकर जन्मभर एसटीत कंडक्टर. रिटायर झाल्यावर माणसं पडवीत झोपाळा बांधतात. ह्यानं पडवीपासून थेट स्वैपाकघरापर्यंत कड्या ठोकल्या, त्यातून दोरी ओवली आणि चुलीच्या वर पितळेची घंटा टांगली. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. पाहुणा येऊन टेकला की गजा बसल्या जागेवरून दोन टोले द्यायचा आणि आत सुलभावहिनी चहाचं आधण ठेवायच्या. पाहुण्यानं चहा पिऊन लांबण लावली की एक टोला. म्हणजे आता तोंड थांबवा.

मी त्या एका टोल्याला कधी जुमानलं नाही. त्यानं घंटा दिली की मी मुद्दाम पाय लांब करून बसायचो. चिऱ्याच्या खाणीवर मी चाळीस वर्षं मुकादम होतो. माझ्या आवाजावर माणसं कामाला लागत आणि माझ्याच आवाजावर थांबत. शाळा तिसरीपर्यंत, तीसुद्धा मास्तरांशी भांडून सोडलेली. तेव्हा कंडक्टरच्या घंटेवर उठायचं आणि बसायचं, हे माझ्या अंगातच नव्हतं. वहिनी म्हणायच्या, "मुकादम, तुम्ही आलात की आमची घंटा मुकी होते."

घर गाडीसारखं चालत नाही, ह्यावर गजाचा अजून विश्वास बसला नव्हता. कुठंही उभा राहिला की पाय फाकून, पाठ खांबाला लावून. लग्नात पंगत बसली की हा मधूनच फिरायचा, "पुढं सरका, मागं जागा आहे." आमच्या आळीतल्या एका मयताला गेलो, तर तिथंही दारापुढच्या खळ्यात गर्दी बघून त्याच्या तोंडून अर्धं वाक्य गेलंच. वहिनींनी धोतर ओढलं म्हणून राहिलं.

त्याच्या नोकरीतली एक गोष्ट मला त्याच्याबरोबरच्या ड्रायव्हरनं सांगितली होती. स्टॉप आला की गजा आधी दारातून वाकून खाली जमीन बघायचा. खाली उतार असला, सुटे दगड असले, आणि उतरणारी एखादी म्हातारी असली, की हा काहीतरी खोटंच ओरडायचा. पुढं म्हैस आहे. मागचा टायर वाजतोय. असं करून गाडी थोडी पुढं घ्यायला लावायचा, जिथं कातळ वर आलेला असेल आणि गाडीची पायरी जमिनीला टेकल्यासारखी होईल. मग एक टोला. म्हातारी अलगद उतरायची आणि मेल्यानं मला कुठं पुढं आणून सोडलंन, अशा शिव्या देत मागं चालत जायची. हा हसायचा. कारण कधी सांगायचा नाही. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

आता माझ्या गुडघ्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आदल्या पावसात मी घरामागच्या पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून घसरलो. सपाटीवर त्यानंतरही मी कुणाला ऐकत नव्हतो, पण पायऱ्या दिसल्या, उतार दिसला, की गुडघा आपला वेगळा संसार मांडायचा. सुनेनं बाजारातून काठी आणली. चांगली पॉलिश केलेली, मुठीची. मी ती नेऊन पडवळाच्या मांडवाला ठोकली. मांडव त्या वर्षी छान उभा राहिला.

माझा मुलगा सुरेश तसा शहाणा, पण त्यानं बोलायला सुरुवात केली. बाबा एकटे बाहेर नको. बाबा देवळाच्या पायऱ्या नको. बाबा खाणीकडं कशाला. एका संध्याकाळी गजाच्या पडवीत सगळे असताना त्यानं हेच पुन्हा काढलं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "सुरेश, ऐक. शनिवार-रविवार मी तळ्याकाठी तंबू ठोकून राहणार. माझ्या पायानं पाण्यात उतरून अंघोळ करणार, माझ्या पायानं वर येणार. जमलं तर ह्या गुडघ्याचं नाव घरात कुणी काढायचं नाही. आणि कुणी माझा हात धरावा लागला, तर ती काठी मांडवातून उपटून घेईन आणि तुझ्या परवानगीशिवाय अंगणाबाहेर पाय टाकणार नाही."

सुरेश म्हणाला, "ठरलं, बाबा." फार लवकर म्हणाला.

बागायतदार अण्णा सोमण तिथं होता. त्याच्याकडं जीप. आंब्याचे दिवस सुरू होईपर्यंत ती शनिवारी मोकळी असायची. तो म्हणाला, मी येतो. गजा म्हणाला, मीही येतो, पण जागा मी ठरवणार. गाडी कुठं थांबवायची ते कंडक्टर ठरवतो. आणि दोन टोले दिले.

पहिल्या शनिवारी आम्ही दापोलीच्या बाजूला गेलो. तिथं एका तरुणानं तळ्याकाठी नवीनच तंबूंची जागा केली होती. निळे तंबू, दारात कुंड्या, झाडांना दिव्यांच्या माळा. वरून खाली पाण्यापर्यंत जांभ्याच्या पायऱ्या. त्या पायऱ्या मी जीपमधून बघितल्या. ज्यानं बसवल्या होत्या त्याच्या हातात कसब होतं. मला जागा पसंत होती. गजा म्हणाला, तुम्ही बसा, मी बघून येतो. एकटाच खाली गेला, धापा टाकत वर आला.

"नापास."

अण्णानं विचारलं, का? तर म्हणे तंबू निळे आहेत, निळ्यात मला मळमळतं. तो तरुण बिचारा म्हणाला, काका, हिरवे देतो. गजा म्हणाला हिरव्यात डास येतात. त्या पोरानं आम्हाला सोलकढी पाजली आणि हात जोडले.

दुसऱ्या शनिवारी हातखंब्याच्या पुढं आत शिरून एक जुनं धरण बघितलं. मोठी झाडं, सावली, पाणी असं की आभाळ खाली उतरल्यासारखं. काठ मात्र ढासळलेल्या मातीचा, सरळ खाली गेलेला. पुन्हा आम्ही जीपमध्ये, पुन्हा हा एकटा खाली. झुडपं धरत, घसरत गेला आणि पार्श्वभागाला माती लावून वर आला.

"नापास. पाण्याला चव नाही."

मी विचारलं, प्यायलास का? म्हणाला, दिसतं ना.

तिसरं तळं एका देवळाच्या मागं होतं, घाट बांधलेला. तिथं म्हणे सूर्य पाठीकडून उगवणार आणि पाठीला ऊन लागलं की ह्याला घोरणं लागतं. अण्णा जीपच्या मडगार्डवर बसला आणि म्हणाला, "अरे, हा तळं बघतोय की पोरीला स्थळ?"

घरी परत आलो की सून विचारायची, बाबा, मिळालं का तळं? आळीतली माणसं विचारायची. सुरेश मात्र नुसता मांडवाकडं बघायचा. त्याचा मला जास्त राग यायचा. अण्णाच्या बागेत कैऱ्या काढणीला येत चालल्या होत्या. आता एखादाच शनिवार हाताशी होता, नंतर जीपमध्ये पेट्या भरायच्या.

मी सरळ गजाच्या पडवीत गेलो आणि त्याला घेतलं फैलावर. म्हटलं, "तुला यायचं नसेल तर तोंडानं सांग. मी दुसरा माणूस बघतो. पण माझी अशी आळीभर शोभा करू नकोस."

तो खांबाला पाठ लावून उभा होता. म्हणाला, "येणार आहे रे."

"मग निळा, हिरवा, चव, घोरणं, हे काय लावलंयस?"

त्यानं एक टोला दिला. मी पाय लांब केले आणि दिवेलागणी होईपर्यंत तिथून हाललो नाही. वहिनींनी दोन वेळा चहा दिला, घंटेशिवाय.

शेवटच्या शनिवारी त्यानं जीप सड्यावर घ्यायला लावली. सडा म्हणजे नुसता कातळ, वर सुकलेलं पिवळं गवत. मध्ये एक तळं, ताटात आमटी वाढावी तसं पसरलेलं. काठाला एकच काजूचं झाड, तेही वाऱ्यानं वाकडं. पाण्यात म्हशी. सामान घेऊनच निघालो होतो, कारण परत यायला वेळ नव्हता. अण्णानं जीप अगदी पाण्याजवळ नेली. गजानं मागच्या दारातून वाकून खाली बघितलं, मग जीपच्या पत्र्यावर तळव्यानं दोन टोले दिले.

"पास."

अण्णा म्हणाला, इथं म्हशीसुद्धा नाइलाजानं बसल्यात. मी म्हटलं, ज्यानं दापोलीचे दिवे नाकारले त्यानं हे निवडलंन, ह्याचं डोकं तपासायला पाहिजे. गजा पाय धुतो म्हणून धोतर वर खोचून पाण्यात गेला आणि बराच वेळ आलाच नाही. कंडक्टर माणूस, त्याला पाय धुवायलाही अर्धा तास लागतो, असं मी अण्णाला म्हटलं.

तंबू ठोकायची वेळ आली तेव्हा दोघांची फजिती झाली. खुंट्या आणलेल्या, पण कातळात खुंटी जाते कुठं? अण्णा हातोडीनं खुंट्या वाकवत बसला होता. मी त्याला बाजूला केलं. सड्यावरचे सुटे धोंडे जमवायला लावले, दोऱ्या धोंड्यांना कशा बांधायच्या, कुठला धोंडा वाऱ्याच्या अंगाला ठेवायचा, ते मी बसल्या जागेवरून सांगत गेलो आणि ते दोघं धोंडे वाहून आणत गेले. पुष्कळ वर्षांनी माझ्या हाताखाली माणसं होती. तंबू असा ताठ उभा राहिला की म्हशीनं अंग घासलं तरी हालला नाही. म्हैस खरोखरच येऊन घासून गेली.

उन्हं कलली तेव्हा मी पंचा खांद्यावर टाकला. अण्णा पुढं यायला लागला, तर गजानं त्याला चूल पेटवायला बसवलं आणि स्वतः पाठ फिरवून सुकटीची पिशवी उघडायला लागला. कुणी बघत नव्हतं. मी निघालो.

कातळ पाण्यात असा शिरला होता की जमीन कुठं संपली ते पायाला कळलं नाही. घोटे, मग पोटऱ्या, मग गुडघा. गुडघ्याला पाणी लागलं तेव्हाच तो आहे हे मला आठवलं. कमरेपर्यंत गेलो. पुढं खोल होतं तिथं अंग सोडून दिलं आणि हात मारले. एक म्हैस माझ्याकडं बघत राहिली, मग तिनं जागा दिली. पाणी वरून ऊबदार, आतून गार. मी बुडी मारली, वर आलो, पुन्हा मारली. सड्यावर आवाज अडवायला काही नाही, तेव्हा मी एक हाळी दिली, खाणीवर जेवणाच्या सुट्टीला द्यायचो तशी. ती चहूकडं गेली. त्या वेळी सुरेश तिथं हवा होता. सून हवी होती, तिची ती पॉलिशची काठी घेऊन.

आणि मी माझ्या पायानं बाहेर आलो. कुणी हात धरला नाही, मी कशाला धरलं नाही.

काठावर अंग पुसत होतो तेव्हा ते दगड दिसले. मी ज्या वाटेनं उतरलो त्याच्या बाजूला एकावर एक रचलेले. काही चांगले धारदार. अजून ओलसर, हिरवं शेवाळ आलेले. कातळावर उन्हात पडलेला दगड असा असत नाही. हे पाण्याखालचे होते, आणि आजच बाहेर आले होते. जन्म दगडात काढलेल्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही.

मी गजाकडं बघितलं. तो तंबूच्या कडेनं मान काढून माझ्याकडं बघत होता. बहुतेक मी पाण्यात होतो तेव्हापासून. नजरानजर झाली तसा तो काजूच्या झाडाकडं बघायला लागला. त्याच्या खोचलेल्या धोतरावर शेवाळाचे हिरवे डाग होते.

मग मला ती म्हातारी आठवली, पुढं म्हैस आहे म्हणून पुढं नेऊन उतरवलेली. निळे तंबू आठवले. त्या पायऱ्या, तो ढासळलेला काठ, तो घाट. प्रत्येक वेळी मला जीपमध्ये बसवून हा खाली गेला होता आणि धापा टाकत वर आला होता. ह्याचं वयही काही कमी नव्हतं. आणि मी त्या म्हातारीला शोभत होतो, कारण शिव्याही तशाच दिल्या होत्या.

मी चुलीपाशी जाऊन बसलो. त्यानं माझ्या हातात चहा दिला.

"जागा अगदी भिकार आहे," मी म्हटलं.

"आहेच," गजा म्हणाला. "पण पुढं म्हशी होत्या."

अण्णाला काही कळलं नाही. तो सुकट करपवत होता. रात्री करपलेली सुकट आणि भात खाऊन आम्ही झोपलो, आणि गजा खरंच घोरला, सूर्य कुठंच नसताना.

सकाळी मी दोघांच्या आधी उठलो. एकटाच पाण्यापर्यंत जाऊन तोंड धुऊन आलो. आल्यावर तीन धोंड्यांची चूल पेटवली, कळशीतलं पाणी किटलीत ओतलं, पूड जरा जास्तच टाकली. चहाचा कप नेऊन गजाच्या उशाशी ठेवला. मग चमचा घेतला, आणि जन्मात पहिल्यांदा, किटलीच्या झाकणावर दोन टोले दिले.