अथवा समतुल्य

"एकाच दुकानातून?" कोटेशनरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "सगळे भाग? एकाच दुकानातून?"

"हो बाबा. सगळे एकमेकांना बसणारे आहेत. दोन महिने डोकं खपवून शोधलेत मी."

"आणि बाकीच्या दोन दुकानांची कोटेशनं?"

"तिकडे कशाला जायचं?"

कोटेशनराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या कचेरीत ते खरेदी अधिकारी होते, आणि टाचण्यांची डबी घ्यायची झाली तरी तीन दुकानांचे भाव मागवल्याशिवाय त्यांची सही उमटत नसे. एकदा दाढ दुखली तेव्हाही त्यांनी तीन दंतवैद्यांना तोंड उघडून दाखवलं होतं. सर्वांत कमी दराच्या दंतवैद्याने शेजारची दाढ काढली. पण स्वस्तात काढली, याचं समाधान त्यांना अजून होतं.

समोर बसली होती त्यांची छकुली. वय अठरा, उंची बापापेक्षा चार बोटं जास्त, पण नाव एकदा पडलं ते पडलं. ती कॉम्प्युटरवरचे खेळ खेळण्यात तरबेज होती, आणि आजवर मैत्रिणींच्या घरी जाऊन, त्यांच्या कॉम्प्युटरवर खेळून तरबेज झाली होती. येत्या रविवारी संघाची निवड होती. कॅप्टनची अट एकच: प्रत्येकाने आपापला कॉम्प्युटर घेऊन यायचं. ज्याच्याकडे नाही तो राखीव, म्हणजे वर्षभर दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या.

"एकच कोटेशन घेतलं तर ऑडिटला काय उत्तर देऊ?" कोटेशनराव म्हणाले.

"घरात ऑडिट कोण करतं, बाबा?"

"मी," आई आतून म्हणाली. ती लोकांना मोटार चालवायला शिकवत असे. समोरून भिंत जवळ येत असताना शांत आवाजात बोलायची तिला सवय होती. "अहो, तिला हवं ते घेऊ द्या ना."

"ठरल्या रकमेत बसवतो म्हणालोय, बसवतोच. वर चार पैसे वाचवून दाखवतो."

"सावकाश," आई म्हणाली. "पुढे वळण आहे."

गुरुवारी कोटेशनरावांनी रजा टाकली. छकुलीने लिहून दिलेल्या प्रत्येक भागापुढे त्यांनी लाल शाईने दोन शब्द वाढवले: 'अथवा समतुल्य'. सबंध नोकरीत त्यांनी या दोन शब्दांवाचून काही विकत घेतलं नव्हतं. मागितलेली वस्तू महाग पडली, तर तिच्यासारखी दुसरी. कचेरीतल्या खुर्च्या समतुल्य होत्या, पंखे समतुल्य होते, आणि एक-दोन साहेबही समतुल्य असावेत असा कर्मचाऱ्यांना संशय होता.

संध्याकाळी ते पिशव्या सांभाळत, घाम पुसत, विजयी मुद्रेने घरात शिरले. छकुलीने पहिलं खोकं उघडलं.

"हा प्रोसेसर मी सांगितला नव्हता, बाबा."

"त्याचाच भाऊ आहे. दुकानदार म्हणाला."

"सख्खा?"

"चुलत असेल."

"चुलत भाऊ या मदरबोर्डात बसत नाही."

"जरा दाबून बघ."

"बाबा, ही काय सुटकेस आहे?"

मग रॅमची पट्टी निघाली. तिची खाच एकीकडे आणि खोबणीतला उंचवटा भलतीकडे. शेवटी ग्राफिक्स कार्ड. ते तेवढं छकुलीने सांगितलेलंच होतं, कारण त्याला समतुल्य काही मिळालं नव्हतं. पण कॅबिनेट समतुल्य होतं, त्यामुळे कार्डाचं शेपूट चार बोटं बाहेर राहिलं.

"झाकण उघडं ठेवलं तर?" कोटेशनरावांनी सुचवलं. "हवाही खेळती राहील."

छकुलीने कार्ड पुन्हा खोक्यात घातलं.

"बदलून आणतो," ते म्हणाले. "त्यात काय एवढं!"

शुक्रवारी रजा वाढवली. पहिल्या दुकानदाराने मदरबोर्ड बदलून दिला, वर फरक घेतला. त्यात चुलत भाऊ छान बसला. पण रॅम त्यातही बसेना. रॅम दुसऱ्या दुकानाची. तिथे ती बदलली, वर फरक दिला. मग नवा मदरबोर्ड जुन्या कॅबिनेटमध्ये मावेना, म्हणून तिसऱ्या दुकानात जाऊन कॅबिनेट बदललं. हे नवं कॅबिनेट एवढं ऐसपैस निघालं, की पॉवर सप्लायच्या वायरी बोर्डापर्यंत पोचेनात. पुन्हा पहिलं दुकान. आणि दर खेपेला तीन भाव विचारल्याशिवाय कोटेशनराव काही घेत नव्हते. दुपारपर्यंत पहिला दुकानदार त्यांना पाहून आपणहून खुर्ची पुढे करू लागला, दुसरा फोन नसतानाच फोनवर बोलू लागला, आणि तिसऱ्याने शटर अर्धं खाली ओढलं.

"बंद करताय?" कोटेशनरावांनी वाकून विचारलं.

"नाही साहेब, ऊन येतंय."

दुकान उत्तरेकडे तोंड करून होतं.

शनिवारी संध्याकाळी सगळं जुळलं. बटण दाबताच कॅबिनेटमधले दिवे निळे झाले, मग जांभळे, मग गुलाबी.

"बघ!" कोटेशनराव हात चोळत म्हणाले. "अगदी ठरल्या रकमेत! एक पैसा वर नाही."

"बाबा, ग्राफिक्स कार्ड कुठाय?"

"ते दिलं."

"दिलं म्हणजे?"

"अगं, शेवटच्या फरकाला पैसे उरले नव्हते. मी म्हटलं, सगळ्यात अडचण तेच करतंय, सगळ्यात लांबही तेच आहे. ते परत दिलं आणि हिशेब मिटवून टाकला."

दिवे पुन्हा निळे झाले.

"बाबा," छकुली हळू म्हणाली, "खेळातली चित्रं ते कार्ड काढतं. त्याच्याशिवाय हा खेळ सुरूसुद्धा होत नाही."

"मग यावर काय होईल?"

"अर्ज टाइप करता येतील. रंगीत उजेडात."

ती उठून आपल्या खोलीत गेली आणि तिने दार सावकाश लावून घेतलं. आपटलं असतं तर कोटेशनरावांना बरं वाटलं असतं.

"उद्या तुम्हीही तिच्याबरोबर जा," आई म्हणाली. "कॅप्टनशी बोला. गाडी मी चालवते."

निवड एका भाड्याच्या हॉलमध्ये होती. कॅप्टन म्हणजे जेमतेम विशीची, च्युइंगम चघळणारी मुलगी. पडद्यावर ती शत्रूंच्या टोळ्या पापणी न लववता गारद करत असे. तिने कॅबिनेटमध्ये डोकावून पाहिलं.

"लाइट्स भारी आहेत. कार्ड कुठाय?"

"पुढच्या आर्थिक वर्षात," कोटेशनराव म्हणाले.

"काका, मग सॉरी. राखीव."

छकुलीने मान हलवली. कोटेशनराव घसा खाकरून आपली चूक सांगायला पुढे सरकणार, एवढ्यात हॉलचा मालक आला. भाडं वाढलंय, विजेचे वेगळे, खुर्च्यांचे वेगळे, आत्ताच्या आत्ता द्या, असं त्याने एका दमात सांगितलं. आणि ती शूर कॅप्टन त्याच्यापुढे मांजर झाली. "हो हो, देते," म्हणत तिने पाकीट काढलं.

"थांब, बाळ," कोटेशनराव म्हणाले. त्यांचा खाली गेलेला चष्मा पुन्हा कपाळावर चढला. "खुर्च्या किती धरल्यात हो?"

"तीस."

"हॉलमध्ये दहा आहेत. त्यातली एक मोडकी. विजेचा मीटर कुठे आहे?"

"मीटर? आतल्या बाजूला..."

"चला, बघू. आणि मागच्या गल्लीतल्या हॉलचं भाडं काय आहे, तुम्हाला कल्पना असेलच. मला आहे. येताना चौकशी केली."

"तुम्हाला हॉल हवा होता?" मालक गांगरला.

"छे! सहज."

दोघे आत गेले. परत आले तेव्हा भाडं निम्म्यावर आलं होतं, आणि मालक सगळ्यांना चहा सांगायला निघाला होता. कॅप्टन च्युइंगम चघळायची विसरली.

"काका, तुम्ही रविवारी मोकळे असता? आम्हाला मॅनेजर हवाय. प्रत्येक स्पर्धेत असंच लुबाडतात हो आम्हाला." मग तिने बॅगेतून एक ग्राफिक्स कार्ड काढून छकुलीपुढे धरलं. "संघाचं जादा कार्ड आहे. काकांनी आज जे वाचवलं त्यापुढे हे काहीच नाही. लाव आणि बस खेळायला."

"याची दुसरीकडे काय किं..." कोटेशनरावांनी सुरुवात केली. छकुलीने त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

ऐसपैस कॅबिनेटमध्ये कार्ड खट् करून बसलं. आणि मग छकुली जी खेळली! मागे उभी राहिलेली मुलं आधी ओरडत होती, मग त्यांचं ओरडणं थांबलं आणि फक्त "अरे!" एवढंच ऐकू येऊ लागलं. कोटेशनरावांना त्यातलं काही कळलं नाही. पण लेकीच्या पाठीचा कणा असा ताठ त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता.

"झालं," कॅप्टन म्हणाली. "छकुली संघात, काका मॅनेजर."

"हरकत आहे," कोटेशनराव म्हणाले.

"कुणाची?"

"माझी. मॅनेजरची मुलगी संघात कशी चालेल? उद्या कोणी बोट दाखवलं तर?"

"असा नियम नाहीये, काका."

"नसला तर असायला हवा."

कॅप्टनने एकदा छकुलीकडे पाहिलं. मग चहाची किटली घेऊन आलेल्या हॉलमालकाकडे पाहिलं. बराच विचार केला.

"छकुली," ती म्हणाली, "तू खेळतेस भारी. पण भारी खेळणारे मिळतात गं."

"बाबा!" छकुली किंचाळली.

कोटेशनरावांना शाळेत कुणी लंगडीच्या संघातसुद्धा घेतलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांची कशातरी निवड होत होती, आणि तीही लेकीच्या डोक्यावरून. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग, सबंध नोकरीत जे कधी केलं नव्हतं ते केलं.

"हरकत मागे घेतो," ते म्हणाले.

बाहेर आईने गाडीची काच खाली केली. "काय झालं? घेतलं का संघात?"

"घेतलं," छकुली कॅबिनेट मागच्या सीटवर ठेवत म्हणाली. "दोघांनाही. पण संघाच्या फलकावर बाबांचं नाव माझ्या वर लिहिलंय."

"पदानुसार," कोटेशनराव विनयाने म्हणाले आणि पुढे बसले.