आमच्या कपाटांचे रंग मी निवडले (म्हणे)

स्वयंपाकघरातली कपाटं नवी करायचं ठरलं, तेव्हा सुताराला द्यायचं चित्र मी काढतो, असं मी म्हणालो. कुणी विचारलं नव्हतं. पण रविवारची दुपार होती, जेवण झालं होतं, आणि अशा वेळी माणसाच्या तोंडून काय निघेल याचा नेम नसतो.

मी एका पंपाच्या कारखान्यात ड्रॉइंग विभागात आहे. दिवसभर कॅडच्या सॉफ्टवेअरमध्ये पंपाचे सुटे भाग काढतो आणि एकमेकांत बसवतो. (पडद्यावर. घरातल्या नळाचा वॉशर बदलायचा असला की बायको प्लंबरला बोलावते आणि मला बाहेर चक्कर मारायला पाठवते.)

आता या सॉफ्टवेअरची एक गंमत आहे. त्यातले सगळे भाग जन्मतः राखाडी असतात. राखाडी फळीला राखाडी फळी लागली की कुठली कुठे संपते ते कळत नाही. म्हणून आम्ही एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप काम करणारा चिमुकला प्रोग्राम, चालवतो. ती ओळीने एकेका भागाकडे जाते आणि मनाला येईल तो रंग त्याला फासते. भाग वेगळे दिसले, तपासणी झाली, की रंग पुसून टाकायचे. त्यात आवडनिवड, सौंदर्यदृष्टी असलं काही नसतं. स्क्रिप्टला मनही नसतं, मी आपलं बोलण्याच्या ओघात म्हणालो.

तर कपाटं काढून झाल्यावर मी ती स्क्रिप्ट चालवली आणि तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. पडद्याकडे बघून ती थबकली.

"हे रंग तुम्ही निवडलेत?"

आवाजात राग नव्हता, त्यामुळे मी घाबरलो. रंगांच्या बाबतीत मला घरात मताचा अधिकार नाही. बाथरूमचा दरवाजा मी एकदा माझ्या पसंतीने रंगवून घेतला होता. तेव्हापासून पाहुणे येणार असले की आम्ही तो सताड उघडून भिंतीला टेकवून ठेवतो. माझे शर्टसुद्धा तीच आणते.

"खाली गर्द निळा, वर फिकट पिवळा, आणि मधेच ही एक विटकरी फळी," ती म्हणाली. "किती छान दिसतंय. अहो, तुम्हाला हे सुचलं कसं?"

बोलाफुलाला गाठ पडली होती, दुसरं काही नाही. पण अशा वेळी खरं सांगणारा नवरा कुठे असेल, तर मला त्याला भेटायचंय. (आणि त्याचं सांत्वन करायचंय.)

"सुचलं आपलं," मी म्हणालो.

पाचव्या मिनिटाला आतून फोनवरचं बोलणं ऐकू आलं. "आई, अगं कपाटांचे रंग ह्यांनी निवडले... हो, ह्यांनीच... नाही गं, ताप वगैरे काही नाही."

फोन ठेवून ती बाहेर आली. "ओट्याखाली डब्यांसाठी एक फळी वाढवा. बाकी कशाला हात लावू नका."

मी फळी वाढवली. ती अर्थातच राखाडी आली. बोटांना सवय, त्यांनी स्क्रिप्ट चालवली, फाइल सेव्ह केली आणि बंद केली. (कारखान्यात माझ्या या सवयीचं साहेब सगळ्यांसमोर कौतुक करतात.) पुन्हा उघडून पाहतो तर निळा नाही, पिवळा नाही, सगळं स्वयंपाकघर वांगं ठेचून फासल्यासारखं. जुने रंग गेले ते गेले, आणि त्यांच्या नेमक्या छटा हाताने पुन्हा जुळवणं माझ्या नजरेला झेपणारं नव्हतं.

मी पुन्हा स्क्रिप्ट चालवली. पोपटी आणि काळा. पुन्हा चालवली. जखमेवर लावायच्या औषधाचा रंग. जुगारी माणसाचं होतं तसं माझं झालं, आता पुढच्या डावाला नक्की, आता पुढच्या. बायको येता-जाता डोकवायची.

"हे काय? मघाचं कुठे गेलं?"

"पर्याय बघतोय."

"आई, ह्यांचं समाधानच होत नाहीये," आत पुन्हा फोन. "हो ना, कलाकारांचं असंच असतं म्हणे."

दुसऱ्या दिवशी मी माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला गाठलं. त्याला आम्ही गणित्या म्हणतो.

"सुरुवातीचा आकडा ठरवून दिला होतास का?" त्याने विचारलं. "तो दिला की स्क्रिप्ट दर वेळी तेच रंग देते."

"नाही दिला."

"आणि तेच रंग पुन्हा यायची वाट बघतोयस?"

"हो."

"निवृत्तीपर्यंत थांबायचंय, मग आधी चहा घेऊ," तो म्हणाला.

सुतार मंगळवारी सकाळी रंग विचारायला येणार होता. मला हसू नका, पण माझा जीव खरोखर टांगणीला लागला होता. घरातल्या एका गोष्टीत बायकोने माझ्यावर विश्वास टाकला होता आणि मला तो फार आवडला होता. तो असा हातचा घालवायचा नव्हता.

संध्याकाळी घरी येऊन, चपला न काढता, मी पुन्हा बसलो. किती वेळा स्क्रिप्ट चालवली देव जाणे. अचानक खांद्यामागून आवाज आला, "थांबा."

मी तापल्या तव्यावरून काढावा तसा कीबोर्डवरून हात काढला.

"हेच," बायको म्हणाली. "कालच्यापेक्षाही छान. उगाच नाही एवढे राबलात."

मी ती फाइल तीन ठिकाणी सेव्ह केली. आणि मग ती म्हणाली, "फक्त चमच्यांसाठी एक खण वाढवा हं."

नवा खण, राखाडी. स्क्रिप्टला हात लावायची माझी आता प्राज्ञा नव्हती. म्हटलं, एवढा एक रंग आपण स्वतः निवडू. एवढं कौतुक झालंय, थोडी तरी जाण आपल्या अंगात मुरली असेलच. मी रंग लावून लांब उभा राहायचो, एक डोळा मिटायचो, मान तिरकी करायचो. शेवटी जांभळ्या आणि तपकिरीच्या मधला एक रंग मला अगदी आतून पटला. बायकोने तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"प्रत्यक्षात वेगळा दिसत असेल," ती म्हणाली. "तुम्ही निवडलाय म्हणजे विचार करूनच निवडला असणार."

यथावकाश कपाटं आली, बसली, आणि ती बघायला सासूबाई आणि मेव्हणी आल्या. सासूबाईंनी एकेक दार उघडून, मिटून पाहिलं. मेव्हणीने फोटो काढले. जावयाच्या अंगात एवढे गुण असताना इतकी वर्षं ते कुठे ठेवले होते, असं मला विचारण्यात आलं. मी खाली बघून हसलो, कलाकार हसतात तसा.

मग सासूबाई चमच्यांच्या खणापाशी थांबल्या.

"हा खण दुसऱ्या कुणाच्या घरचा आलाय का गं?"

"सुताराने उरलासुरला रंग फासला असणार," मेव्हणी म्हणाली.

"तेच," बायको ठामपणे म्हणाली. "ह्यांच्या हातून असलं काही व्हायचं नाही."

तिघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"हल्ली सुतारांचं कामाकडे लक्षच नसतं," मी म्हणालो.

"जाऊ द्या," बायको म्हणाली. "तुम्ही याला चांगलासा रंग काढून द्या, आपण बदलून घेऊ."

मी फाइल उघडली, गणित्याने नंतर शिकवलं होतं तसा तेवढा एकच खण निवडला, स्क्रिप्ट चालवली आणि काय आलंय ते न बघताच पाणी प्यायला आत गेलो. परत आलो तेव्हा तिघी पडद्यासमोर उभ्या होत्या.

"बघ," सासूबाई बायकोला सांगत होत्या, "स्वतः मन लावून केलं की कसं जमतं त्यांना."