मेहुण्याच्या कपाटाचे तंतू

मेहुण्याने स्वतःच्या हाताने बनवलेलं कपाट घरात आलं आणि जो तो त्याचं कौतुक करू लागला. लाकडाच्या प्रयोगशाळेत तंतू मोजता मोजता केस पिकलेल्या तंतूतज्ज्ञांना मात्र कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं. सुतार मेहुणा कोणी न विचारताच "अस्सल साग आहे" म्हणत होता. न विचारता माणूस कशाला सांगेल?

बायकोचा डोळा लागताच त्यांनी कपाटाच्या दाराची आगकाडीएवढी ढलपी काढली. प्रयोगशाळेत ती ॲसेटिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून ओव्हनमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी ढलपी पांढरीफटक झाली आणि पाण्यात हलवताच तिचे तंतू सुटे झाले. ते धुऊन, टिपकागदावर टिपून, रंगवून त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सागाचा तंतू जेमतेम मिलिमीटरभर. इथे त्याच्या तिप्पट लांब तंतू! म्हणजे पाइन. तंतूतज्ज्ञांना मनापासून आनंद झाला.

बायकोला मात्र झाला नाही. ती शांतपणे म्हणाली, "दादाने फसवलं असेल तर मी त्याचं तोंड बघणार नाही. नसेल, तर रविवारी आईबाबांसमोर तुम्ही त्याची माफी मागायची."

"मागेन की," तंतूतज्ज्ञ ऐटीत म्हणाले.

शनिवारी पक्का पुरावा हवा म्हणून त्यांनी पुन्हा मोजणी केली. टिपकागद संपला होता, म्हणून तंतू तसेच काचेवर घेतले. या वेळी सगळे आखूड, अस्सल सागाचे. त्यांनी टिपकागदाचं रिकामं पाकीट उलटून वाचलं. कालचे लांब तंतू टिपकागदाचे होते, आणि तो कागद पाइनच्या लगद्याचा. आखूड तंतू कालही तिथेच असणार. संशयाच्या भरात त्यांच्याकडे बघितलं कोणी?

रविवारी सासू-सासरे आले, पाठोपाठ मेहुणा खाली मान घालून आला. बायको नवऱ्याकडे रोखून बघत होती. तंतूतज्ज्ञांनी घसा खाकरला, पण मेहुण्याला धीर धरवला नाही.

"भाऊजी, हिने सांगितलं मला. चुकलं माझं. पाठची फळी तेवढी पाइनची घातली. भिंतीकडे असते, कोण बघतंय म्हटलं. पण तुम्ही कपाट न हलवता ओळखलंत."

बायकोची नजर भावाकडे वळली. तंतूतज्ज्ञांनी ओठांवर आलेली माफी चहाच्या घोटाबरोबर गिळली आणि मोठ्या मनाने मेहुण्याला माफ केलं.