तबकडीवरील आठव्या गाण्याचे वर्तमान

॥ श्री कर्णदेवता प्रसन्न ॥ जिने ऐकावयास दोन कान दिले आणि त्यांस पापणी मात्र दिली नाही, तीस नमन करून, तबकडीशक एकवीस, संवत्सराचे नाव लिहिणारास स्मरत नाही, ते साली दौलतीत जे घडले ते आठवले तैसे लिहिले असे.

ते दौलतीत गाणारी पेटी एक, तिचा पितळी कर्णा एक आणि तबकडीही एकच, तीवर दोहों अंगी मिळोन आठ गाणी. त्यांपैकी सात ऐसी नामांकित जाहली की पहिल्याविना लग्नात अक्षता पडेनात, दुसऱ्याविना पाळण्यातले मूल निजेना, तिसऱ्याविना फौज हलेना, आणि चौथे तर म्हशींचे ऐसे अंगवळणी पडले की ते गाइल्याविना पान्हा सोडीनात. मग तबकडी निघाली त्या सालापासोन शकच मोजू लागले, आणि सात गाणारांस पालख्या मिळाल्या, आणि एकाच्या मिशीस पीळ घालावयास सरकारातून माणूस दिला. आठव्या गाण्याची गाणारीण भिवराबाई, तीस दरबारात विडे करावयाचे काम मिळाले. कारण आठवे गाणे कोणी ऐकिलेच नव्हते.

ते ऐसे की, सातवे गाणे लेक सासरी निघाल्याचे. ते सरले की महाराजांस आपली लेक आठवे, आणि महाराज डोळे पुशीत उठत, आणि धनी उठले म्हणजे दरबार उठे, आणि मग पेटीची सुई ठेवणे-उचलणे ज्यांचे हाती ते सुईनवीस खंडोपंत सुई उचलीत. एकवीस वर्षे रोज हेच. बाईंनी वयाचे एकोणिसावे वर्षी गाऊन ठेविले ते बाईंनीही कधी ऐकिले नाही. पुढे दुखण्यात गळा गेला आणि फुटक्या घागरीसारखा आवाज राहिला, आणि मग डावा कान गेला, आणि वैद्यांनी सांगितले की उजवाही संक्रांतीपलीकडे टिकत नाही. तेव्हा बाई पंतांकडे गेल्या.

"पंत, एकदा सुई पुढं जाऊ द्या की. मी कशी गात होते ते मला ऐकायचंय. दुसरं काही मागत नाही."

पंत म्हणाले, "महाराज उठले की सुई उठते. शिरस्ता आहे, बाई."

"मग महाराज गेल्यावर लावा."

"आणि माझं मुंडकं जागेवर राहील का? उगीच जिवावर उठू नका. एक विडा द्या, चुना बेताचा."

बाईंनी विडा दिला. चुना बेताचा नव्हता. पंतांची जीभ तीन दिवस सोलवटली होती.

ऐसे असता शेजारील दौलतीचे वकील अंताजीपंत तबकडीची कीर्ती ऐकोन आले. दिवाणांनी ताकीद दिली की पाहुणे ऐकणार, सबब आज सोबत कोणी गाऊ नये. हे नवेच होते, कारण रोज पहिला सूर निघताच अवघा दरबार गाऊ लागे आणि महाराज सर्वांहून मोठ्याने. मग पंतांनी सुई टेकविली, आणि कर्ण्यातून खर्र खर्र याउपर काही निघेना. दुसरे गाणे खर्र, तिसरे खर्र, तबकडी उलथली तरी खर्र. एकवीस वर्षे सुईने नांगरोन सातही गाणी केव्हाच झिजोन गेली होती, आणि जो तो आपणच गात असल्याने ते कोणास कळले नव्हते. वकील बापडे मान डोलवीत होते, न जाणो या दौलतीत यासच गाणे म्हणत असतील. महाराजांचा चेहरा शेंदरासारखा जाहला.

बाईंच्या ध्यानी दुसराच शिरस्ता होता. पाहुण्याच्या तोंडी विडा असता यजमानाने उठू नये. मग त्यांनी अकरा पानांचा विडा बांधला आणि आत अख्खी सुपारी घातली, आणि सातवे चालू असता वकिलांपुढे धरिला. नाही म्हणणे बेअदबी, म्हणोन वकिलांनी तो कसाबसा कोंबिला. सातवे सरले. महाराज आज लाजेने उठू पाहत होते. अर्धे उठले, वकिलांचा गाल पाहिला आणि खाली बसले. आणि सुई पुढे गेली.

आणि खरखर थांबली. आंब्याखाली हरवलेल्या पैंजणाचे गाणे, कोवळे, स्वच्छ, जणू गाणारीण पडद्याआडच उभी आहे. बाईंनी उजव्या कानामागे तळवा धरिला आणि डोळे मिटले. वकील चघळावयाचे विसरले. महाराज म्हणाले, "ही कोण?" बाईंचे बोलणे आठवोन पंतांनी खात्रीस फिरत्या तबकडीवर वाकोन पाहिले, परंतु दर दसऱ्यास पूजा करोन नावांवर हळदकुंकवाचा थर बसला होता.

बाई घोगऱ्या स्वरे म्हणाल्या, "मी."

दरबार खो खो हसला.

"हसा. पण कडवं संपलं की मीसुद्धा हसणार आहे. गाणं शिकवणाऱ्या बुवांनी डोळे वटारले होते, मला हसूच आवरलं नव्हतं."

कडवे संपले, आणि कर्ण्यातून एकोणीस वर्षांची पोर खुदकन हसली. महाराज म्हणाले, "मागा, बाई." सर्वांस वाटले पालखी मागतील. बाई म्हणाल्या, "वर्षातून एकदाच लावा, आणि सोबत कुणी गाऊ नये." तैसा हुकूम जाहला, आणि जो गाईल त्याची जीभ पंतांप्रमाणे चुन्याने सोलावी ऐसे ठरले.

पुढील साली त्याच दिवशी सुई आठव्यावर टेकली. दरबार श्वास धरोन बसला. दुसऱ्या ओळीस कोणी फुटक्या आवाजात गाऊ लागले. दिवाण रागे उठले आणि पाहतात तो भिवराबाई. उजवा कान संक्रांतीसच गेला होता. आपण गातो हे बाईंस ठाऊक नव्हते. त्या तबकडी फिरताना पाहत होत्या. महाराजांनी हात करोन दिवाणांस बसविले. आणि कडवे संपले तेव्हा कर्ण्यातील पोर आणि बाई एकाच वेळी हसल्या.

येणेप्रमाणे आठव्या गाण्याचे वर्तमान. सात गाणी लिहिणारास तोंडपाठ आहेत, आठवे येत नाही. ते ऐकिले आहे.